भोपळ्यातलं हसू

चिपळूणला गेले की कुणीतरी विचारतंच, तू तिकडे नक्की काय करतेस. गोळ्या-चॉकलेटं विकते, असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काचेच्या बरण्या मांडलेलं दुकान उभं राहतं. मी ते खोडून काढत नाही. खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत मी एकही गोळी गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवलेली नाही. आमची कंपनी बाहेरच्या देशांतून माल मागवते आणि कतारभरच्या सुपरमार्केटांना पुरवते. तो माल कुठल्या महिन्यात कुठले कपडे घालून लोकांसमोर येईल, ते ठरवणं माझं काम. रमजानच्या मध्यावर गरंगाओ असतो. त्या संध्याकाळी इथली मुलं ठेवणीतले कपडे घालून, गळ्यात पिशव्या अडकवून, गाणी म्हणत दारोदार फिरतात आणि त्यांच्या पिशव्यांत सुका मेवा, मिठाई पडते. तेव्हा आमची गोळी हिरव्या-सोनेरी कागदात असते. दिवाळीला ती लाल डब्यात शिरते. आणि ऑक्टोबर उजाडला की नारिंगी-काळी होते. तो हॅलोविनचा मोसम.

हॅलोविन म्हणजे गोऱ्या लोकांचा भुताखेतांचा सण. इथे तो रस्त्यावर दिसत नाही. परदेशी कुटुंबं राहतात त्या कंपाउंडांच्या भिंतींआड मुलं सोंगं घेऊन दारं ठोठावतात आणि खाऊ गोळा करतात. हा खाऊ आजच्यासारखा पहिल्यापासून नव्हता. पूर्वी लोक घरी केलेले लाडू-वड्यांसारखे पदार्थ, फळं, शेंगदाणे, क्वचित एखादं नाणं देत. मग केव्हातरी अनोळखी घरातल्या उघड्या खाऊत कुणी काही मिसळलं तर, अशी भीती आयांच्या मनात बसली आणि कारखान्यातून बंद होऊन आलेली छोटी पाकिटं तेवढी विश्वासाची ठरली. धंद्याला भीती अशी मदत करते. मक्याच्या दाण्यासारखी एक तिरंगी गोळी आहे, पिवळी, नारिंगी, पांढरी. आज तिच्याशिवाय हॅलोविन होत नाही. ती निघाली तेव्हा मात्र कोंबड्यांचा दाणा म्हणून विकली जायची, खोक्यावर कोंबडा होता आणि भुतांशी तिचा काही संबंध नव्हता. एका प्रसिद्ध शेंगदाण्याच्या चॉकलेटला मालकांच्या आवडत्या घोडीचं नाव आहे. ते चॉकलेट बाजारात यायच्या आधीच घोडी मेली होती, असं सांगतात. मी नवीन मुलांना शिकवताना ही गोष्ट हमखास सांगायची. मेलेल्याचं काहीतरी वेष्टनावर राहतं आणि लोक ते हसत हसत खातात, असं म्हणून मी स्वतःच हसायची. आता ती गोष्ट मी सांगत नाही.

त्याचं कारण आमचा रफीकभाई.

रफीकभाई आमच्या गोदामात सुतार होता. रायगडचा, म्हसळ्याकडचा. माल दुकानात नुसता फळीवर ठेवून खपत नाही, त्याला उभं राहायला एक मखर लागतं. आम्ही त्याला स्टँड म्हणतो. परदेशी कंपन्या तयार स्टँड पाठवतात, पण हॅलोविनचे स्टँड इथे चालत नसत. कुणावर कवटी, कुणावर शवपेटी. दुकानांचे मॅनेजर हात जोडायचे, मॅडम, हे दारात नको. त्यांचंही बरोबर होतं. मग एका वर्षी मी इथेच स्टँड करायचं ठरवलं. कवटी नाही, चेटकीण नाही, हॅलोविन हा शब्दही नाही. माणसाच्या कमरेएवढा एक लठ्ठ नारिंगी भोपळा, मिटलेले डोळे, आणि पोटात गोळ्यांच्या फळ्या. मी चित्र काढून दिलं आणि रफीकभाईने प्लायवूडमध्ये तो असा गोल वळवला की हात लावून बघावासा वाटे. खालच्या कडा त्याने मी न सांगताच घासून गुळगुळीत केल्या. मुलं धावत येतात, गुडघे आपटतात, म्हणाला.

भोपळ्याला आवाज हवा होता. समोरून कुणी गेलं की आवाज करणारी एक छोटी यंत्रणा मिळते, समोर हालचाल टिपणारा डोळा, आत चिप आणि बॅटरी. परदेशी कंपनीने पाठवलेल्या आवाजात एक बाई किंचाळत होती. तो आम्ही एका दुकानात लावून बघितला, तर पहिलंच मूल रडत आईला चिकटलं. मला साधं माणसाचं हसू हवं होतं.

रफीकभाईचं हसू गोदामात प्रसिद्ध होतं. आधी आवाजच यायचा नाही, नुसते खांदे हलायचे. मग उचकीसारखा एक श्वास आत जायचा आणि त्यामागून लाटेवर लाट यावी तसं हसू बाहेर पडायचं. ते ऐकून न हसणारा माणूस मी बघितला नाही. आमचा सेल्स मॅनेजर नबील लेबनॉनचा, त्याला मराठीचं अक्षर कळत नाही, पण तोसुद्धा रफीकभाई हसायला लागला की कारण न विचारता हसायचा. मी रफीकभाईला विचारलं, तुमचं हसू भोपळ्यात घालू का. तो लाजला, मग खूश झाला. फोन समोर धरल्यावर मात्र त्याला हसूच येईना. शेवटी नबीलने आपल्या मोडक्या हिंदीत त्याला काहीतरी सांगितलं, काय ते मला आठवत नाही, आणि रफीकभाई खांदे हलवायला लागला. ते आम्ही चिपवर घेतलं.

भोपळे जोरात चालले. मुलं मुद्दाम समोरून पुन्हा पुन्हा जायची. एका कंपाउंडमधल्या अमेरिकन बाईंनी तर पार्टीसाठी भोपळा भाड्याने मागितला. रफीकभाई सुट्टीच्या दिवशी दुकानात जाऊन लांब उभा राहायचा आणि आपल्या हसण्यावर लोक कसे हसतात ते बघून यायचा. मोसम संपला की भोपळे पुसून गोदामात ठेवायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा काढायचे, असं ठरलं.

पुढच्या उन्हाळ्यात एका शुक्रवारी तो नमाजहून आला, जेवला, बिरकत अल अवामेरच्या कामगार कॅम्पातल्या आपल्या खोलीत आडवा झाला आणि उठलाच नाही. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. वय काही जायचं नव्हतं. त्याचा धाकटा भाऊ सलीम इथेच पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर होता, तो मय्यत घेऊन गावी गेला. मी विमानतळावर गेले होते. सलीमला मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. दोघा भावांत चेहऱ्याचं काही साम्य नव्हतं.

सप्टेंबरात मी रजेवर घरी गेले. परत आले तोवर मोसम सुरू झाला होता आणि माझ्या टीमने नेहमीप्रमाणे सगळं दुकानांत पोचवलं होतं. मला यात काही वेगळं सुचलं नाही. कामाच्या यादीत ती एक ओळ होती एवढंच.

आम्ही अल थुमामात राहतो. आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी लेकीला घेऊन घराजवळच्या सुपरमार्केटात भाजीला गेले. दुपारची वेळ, दुकानात शुकशुकाट. मी कोथिंबीर निवडत होते आणि रॅकच्या पलीकडून रफीकभाई हसला.

मला आधी बरं वाटलं. हे मला नीट सांगायचं आहे, कारण पुढचं सगळं त्यातून आलं. ओळखीचं माणूस जवळच आहे असं वाटून जसं बरं वाटतं, तसं क्षणभर वाटलं. मग हातातली जुडी गार लागायला लागली. लेक माझ्याशी इंग्रजीतच बोलते. ती माझी बाही धरून हळूच म्हणाली, "आई, दॅट्स रफीक अंकल." तिच्या अभ्यासाचं टेबल त्याने केलं होतं. आम्ही दोघी रॅकला वळसा घालून गेलो. तिथे भोपळा होता, डोळे मिटलेला, आणि आम्ही समोर येताच तो पुन्हा हसला. लेक रडायला लागली. भाजी तिथेच ठेवून आम्ही बाहेर आलो.

ऑफिसात नबीलशी बोलले. तोही हलला होता, पण म्हणाला की मोसम काही आठवड्यांचाच आहे, परदेशी कंपनीशी बोलक्या स्टँडचा करार आहे, आणि रफीकला हे आवडलंच असतं. मला ते पटलं. किंवा पटवून घेतलं.

मग दोनेक आठवड्यांनी त्याच दुकानाच्या मॅनेजरचा फोन आला. केरळचा शांत माणूस, कधी आवाज न चढवणारा. म्हणाला, मॅडम, तुमचा भोपळा समोर कुणी नसताना हसतो. माझ्या मुली त्या गल्लीत माल लावायला जायला तयार नाहीत. मी गेले. वर एसीची जाळी होती आणि तिच्या वाऱ्याने सवलतीची एक पाटी भोपळ्यासमोर हलत होती. यंत्राच्या डोळ्याला ती माणूस वाटत होती. पाटी काढली, सगळ्यांना समजावून सांगितलं, सगळे हसले. मी वळून दाराकडे निघाले आणि मागे भोपळा हसला. गल्लीत कुणी नव्हतं, हलणारं काही नव्हतं. मॅनेजरने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे.  असली यंत्रं स्वस्तातली असतात, एवढंच मी म्हणू शकते.

मी निघताना मॅनेजरने दुसरी तक्रार अगदी संकोचत सांगितली. दर शुक्रवारी जुम्म्यानंतर एक माणूस येतो. काही घेत नाही. भोपळ्यासमोरून जातो, थांबतो, परत येतो, पुन्हा जातो. कुणाला त्रास देत नाही, पण आयाबाया मुलांना घेऊन दुसऱ्या गल्लीने जातात. सिक्युरिटीने हटकलं तर म्हणाला, भावाला भेटायला आलोय.

त्या शुक्रवारी मी जाऊन उभी राहिले. सलीमच होता. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले, जसा माणूस कुणाच्या घरी जाताना जातो तसा. तो भोपळ्यासमोरून हळू चालत गेला, हसू पूर्ण होईपर्यंत मान खाली घालून ऐकलं, मग मागे फिरला. मी नावाने हाक मारली तेव्हा दचकला आणि आधी माफी मागायला लागला. मी त्याला बाहेर कडकच्या टपरीवर नेलं. कडक म्हणजे इथला दाट दुधाचा वेलचीचा चहा. 

मग त्याने सांगितलं. कॅम्पची बस शुक्रवारी त्यांना या बाजूला सोडते. तो फोनचं रिचार्ज मारायला म्हणून आत शिरला आणि भाईचा आवाज आला. लहानपणी लपाछपी खेळताना भाई कायम पकडला जायचा, कारण त्याला हसू दाबता यायचं नाही. त्यामुळे पहिली गोष्ट मनात आली ती हीच की भाई कुठेतरी लपलाय. स्वतःच्या हाताने त्याला मातीत ठेवून आलेला माणूस, पण त्याने खरोखर रॅकच्या मागे वाकून बघितलं.

"आता सवयच झालीय, ताई," तो म्हणाला. "शुक्रवार यायची वाट बघतो. टँकर चालवताना वाटतं, आत्ता कुणी पोर समोरून गेलं असेल, आत्ता भाई हसला असेल."

मी विचारलं, घरी सांगितलंस का. नाही म्हणाला. आई एकटी असते, तिला कसं सांगायचं कळत नाही. पण ऐकवावंसं फार वाटतं. तिलाही बरं वाटेल.  त्याने तिथेच ठरवलं आणि मला सोबत चलायला सांगितलं.

आम्ही परत आत गेलो. त्याने आईला व्हिडिओ कॉल लावला. म्हातारी ओटीवर बसली होती, डोक्यावरून ओढणी घेतलेली, फोन फार जवळ धरल्याने चेहरा अर्धाच दिसत होता. सलीम म्हणाला, आई, काहीतरी ऐक. आणि तो भोपळ्यासमोरून चालला.

हसू झालं. म्हातारी रडेल असं मला वाटत होतं. ती रडली नाही. तिने पुन्हा ऐकवायलाही सांगितलं नाही. तिने विचारलं, हे कुठे आहे. सलीम म्हणाला, दुकानात. मुलं पुढून गेली की भाई हसतो. ती म्हणाली, मुलं किती येतात. तो म्हणाला, पुष्कळ. ती म्हणाली, एकाच दुकानात का. सलीमने माझ्याकडे बघितलं. मला खरं सांगावं लागलं, नाही, बऱ्याच दुकानांत आहे.

म्हातारीने फोन आणखी जवळ घेतला. तिच्या मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "कुणीपण आलं की हसायचं. मन नसलं तरी हसायचं. दमला असेल माझा पोर. सोडवा त्याला तिथनं."

सलीमचा चेहरा बदलला. जे तो इतके शुक्रवार सुख म्हणून घेत होता, त्याकडे त्याने या बाजूने बघितलंच नव्हतं. मीही नव्हतं. फोन बंद झाल्यावर तो भोपळ्यापासून लांब, भिंतीला टेकून उभा राहिला, आपण चुकूनही त्याच्या समोरून जाऊ नये म्हणून.

मी सोमवारी नबीलकडे गेले. करार, परदेशी कंपनी, तिला पाठवायचे दुकानांतले फोटो, सगळं त्याने पुन्हा सांगितलं. मी म्हणाले, भोपळे राहतील, माल राहील, फक्त आवाज जाईल. आणि म्हातारी काय म्हणाली ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. नबीलने पुढ्यातले कागद मिटून बाजूला ठेवले. मग "खलास," म्हणाला, म्हणजे झालं, विषय संपला. "यातलं मला काही माहीत नाही."

टीमला पाठवून हे काम झालं असतं. पण सलीमने सुट्टी काढली होती आणि तो ऑफिसच्या दारात येऊन उभा होता. मग आम्ही दोघं माझ्या गाडीतून निघालो. या कामातली अडचण मला पहिल्याच दुकानात कळली. चिप भोपळ्याच्या पाठीमागच्या फळीत होती आणि पाठ रॅकला टेकलेली. भोपळा पुढे ओढायचा तर समोर यावं लागे, आणि समोर आलं की तो हसे. त्याला गप्प करायला जायचं म्हणजे त्याला एकदा हसवल्याशिवाय जाता येत नव्हतं. सलीम प्रत्येक दुकानात लांबूनच पुटपुटायचा, "आलो, भाई." मग हसू. मग आम्ही भोपळा ओढायचो, तो गुडघ्यावर बसून फळीचे स्क्रू काढायचा. स्क्रू इतके घट्ट होते की त्याला दोन्ही हात लावावे लागत. चिप निघाली की तो ती माझ्याकडे द्यायचा आणि फळी पुन्हा तितकीच घट्ट बसवायचा. एका दुकानात एक छोटी मुलगी आईला विचारत राहिली, हा आता का हसत नाही. सलीमने तिला हिंदीत सांगितलं, सो गया.

गाडीत मी त्याला विचारलं, मूळ आवाज ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आहे, फोनवर पाठवू का.  "नको, ताई. खिशात असला तर मी रोज लावीन."

शेवटचा भोपळा दुखानला होता, पश्चिम किनाऱ्यावर. जुनी तेलनगरी, कंपनीच्या लोकांची टुमदार वस्ती आणि तिच्यातलं एक छोटं दुकान. लांबलचक सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना रेती, मध्येच एखादी धुराड्यावरची ज्योत.  पोचलो तेव्हा उन्हं कलली होती आणि दुकानात गल्ल्यावरच्या माणसाशिवाय कुणी नव्हतं. त्याने सांगितलं, मॅडम, हा बिघडलाय, मी कुणाला फोन करू तेच कळत नव्हतं.

भोपळा दाराच्या उजव्या हाताला होता. सलीम नेहमीसारखा पुटपुटला आणि पुढे गेला. आधी काहीच झालं नाही. मग आतून एक आवाज निघाला, तो मी ओळखलाच नाही. खोल, जड, सावकाश. बॅटरी संपत आली की अशा चिपा मंद होतात आणि आवाज खाली जातो, हे मला माहीत आहे. या दुकानातली बॅटरी कुणी बदलली नव्हती. पण ते सगळं मला नंतर आठवलं. तेव्हा तिथे एक म्हातारा माणूस हसत होता. उचकीसारखा तो श्वास आता दम लागल्यासारखा आत जात होता, आणि एकेक लाट मागचीपेक्षा उशिरा येत होती.

गल्ल्यावरच्या माणसाने मान फिरवली.  सलीम मात्र जवळ गेला आणि त्याने भोपळ्यावर हात ठेवला.

"आमचे बाबा असेच हसायचे," तो म्हणाला. "शेवटी शेवटी. भाई म्हातारा झाला असता तर असाच हसला असता."

मी स्क्रू-ड्रायव्हर पुढे केला. त्याने तो घेतला नाही. तो एक पाऊल मागे सरला आणि पुन्हा समोरून गेला. हसू आणखी खोल गेलं, त्यातला आवाज कमी आणि श्वास जास्त झाला. तो पुन्हा गेला. या वेळी फक्त श्वास होता, लांब, वाळूवरून काही ओढत नेल्यासारखा. त्यानंतर तो समोरून गेला तेव्हा आत नुसती टक् अशी कळ वाजली. आणि त्यानंतर तीही नाही.

सलीम जरा वेळ थांबला, पुन्हा एकदा सावकाश समोरून गेला आणि कान देऊन उभा राहिला.

"फळी उघडायला नको, ताई," तो म्हणाला. "हा आपणच थांबला."